राबापासून कुंडीपर्यंत

आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांना वाटेल की, हा विषय बागवानाचा आहे, इतिहासाचा नव्हे. गच्चीवर अगर अंगणात मोठी पिंपे किंवा कुंड्या ठेवावयाच्या, त्यांच्या तळाशी कुजकी लाकडे, फांद्या, पालापाचोळा आणि शेण भरावयाचे, वर थोडीशीच माती घालावयाची आणि तीत भाजीपाला लावावयाचा, ही रीत अलीकडे शहरांतील घरांतून बरीच पसरत चालली आहे. जर्मनीत जमिनीवर लाकडे रचून असाच उंचवट्याचा वाफा करतात. त्याला 'टेकडीची शेती' अशा अर्थाचे नाव आहे आणि ते १९६२ साली निघालेल्या एका लहानशा बागकामाच्या पुस्तिकेपासून प्रचारात आले. त्यामुळे आपल्याकडील कित्येक सुशिक्षित मंडळी ह्या रीतीला परदेशातून आलेली नवी विद्या समजतात. परंतु लाकूड, पाला आणि शेण ह्या तीन जिनसांचे काय करावे, हा प्रश्न आपल्या भागात फार जुना आहे. आपल्या पूर्वजांनी त्याची उत्तरे वेळोवेळी निरनिराळी दिली. कधी त्यांनी ह्या जिनसा जाळल्या, कधी पुरल्या. त्यांनी असे का केले, हे पाहिले म्हणजे आपल्या गच्चीवरील कुंडीचा इतिहास आपोआप उलगडतो.

आपला भाग म्हणजे कोणता, तेही सांगितले पाहिजे. आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आहेत. पण १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. तेव्हा ह्या दोहोंचा शेतीचा इतिहास एकत्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. पश्चिमेस सह्याद्रीचा माथा, तेथे महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस; आणि तेथून उणापुरा शंभर मैल पूर्वेस जावे तो माण, खटाव, आटपाडी, जत येथे त्याचा दहावा हिस्साही पडण्याची मारामार. मधून कृष्णा वाहते. एका टोकास पाल्याला तोटा नाही, दुसऱ्या टोकास ओलाव्याचा दुष्काळ, आणि मध्ये नदीकाठची काळी जमीन. ह्या तीन पट्ट्यांत तीन प्रकारचा व्यवहार चालला.

प्रथम डोंगरपट्टा घेऊ. जावळी, पाटण ह्या बाजूस भात आणि नाचणी ही पिके. त्यांचा तरवा ज्या जागी टाकावयाचा, ती जागा उन्हाळ्यात भाजून काढीत. झाडांच्या फांद्या तोडून आणावयाच्या, त्या जागेवर शेण, पाला, गवत आणि फांद्या ह्यांचे थर पसरावयाचे, वर बारीक माती भुरभुरावयाची आणि पाऊस जवळ आला म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने त्याला विस्तव लावावयाचा. ह्याला राब म्हणतात. राबाचे रोप जोमदार येते आणि त्यात तण कमी माजते, हा शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. पुढे इंग्रजी अमलात जंगलखाते स्थापन झाले आणि राबासाठी फांद्या तोडण्याच्या हक्कावरून सरकार व रयत ह्यांच्यांत तंटे सुरू झाले. सरकारी अंमलदार म्हणत, रयत जंगल जाळते. रयत म्हणे, राब नाही तर भात नाही.

ह्या वादात शास्त्रज्ञ पडले, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. १८८९ साली डॉक्टर जॉन ऑगस्टस व्होएल्कर नावाचे इंग्रज कृषिरसायनज्ञ हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी आले आणि १८९३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी अडाणी आहे, असे म्हणण्याची त्या काळी पद्धत होती. व्होएल्कर ह्यांनी तिला छेद दिला. शेतकरी शेण का जाळतो? त्याला खताची किंमत कळत नाही म्हणून नव्हे, तर त्याच्या घरी चुलीला लाकूड नाही म्हणून, असे त्यांनी मांडले, आणि गावोगाव जळणासाठी व चाऱ्यासाठी राखीव झाडी लावावी, अशी शिफारस केली. पुढे १९१२ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजातील हॅरॉल्ड मॅन ह्यांनी जोशी आणि कानिटकर ह्या दोन महाराष्ट्रीय सहकाऱ्यांसह राबाच्या पद्धतीवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. राबाचा गुण केवळ राखेत नाही, माती तापते त्यातही आहे, असे त्यांच्या प्रयोगांवरून दिसून आले. म्हणजे शेतकऱ्याचा अनुभव खोटा नव्हता. पण त्याची किंमत मोठी होती. फांदीतला आणि शेणातला बहुतेक कर्ब आणि नत्र हवेत उडून जाई, आणि एका गुंठ्याच्या तरव्यासाठी कितीतरी गुंठ्यांवरचा पाला खर्ची पडे.

व्होएल्कर ह्यांचे ते एक वाक्य आपण मनात धरून ठेवले पाहिजे. कारण आजच्या कुंडीचे सारे रहस्य त्यात आहे. आपल्या पूर्वजांनी लाकूड पुरले नाही, ह्याचे कारण त्यांना पुरण्याचा गुण ठाऊक नव्हता, हे नव्हे. ज्या घरात दोन वेळची भाकरी लाकडावर भाजली जाते, त्या घरात कुजावयास लाकूड उरतच नाही. वाळलेली काटकी, तुरीची तुराटी, कपाशीची पऱ्हाटी, जोंधळ्याचा बुडखा, सारे चुलीत जाई आणि राहिलेल्या शेणाच्या गोवऱ्या होत. खत म्हणून उकिरड्यावर पडे ते चुलीने नाकारलेले.

पुरण्याची विद्या मात्र ग्रंथांत होतीच. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. हा ग्रंथ सहाव्या शतकातील. वेल लावावयाचा असता हातभर रुंद आणि दोन हात खोल असा खड्डा खणावा, तो भाजून घ्यावा, आणि नुसत्या मातीने न भरता उडीद, तीळ व जव ह्यांचे पीठ मातीत मिसळून थरांनी भरावा, असा विधी त्यात सांगितला आहे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'त तर कुणपजल नावाच्या कुजविलेल्या द्रवखताचे सविस्तर वर्णन आहे. त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद नलिनी साधले ह्यांनी १९९६ साली केला. परंतु उडदातिळांचे पीठ खड्ड्यात घालणे हे राजवाड्याच्या उपवनाला परवडेल, कुणब्याला नव्हे. त्या विधीतून आपण घ्यावयाचे ते इतकेच की, लावणीचा खड्डा म्हणजे मातीची साठवण नसून झाडाच्या अन्नाची कोठी होय, ही कल्पना आपल्याकडे चौदाशे वर्षांची आहे.

ही कल्पना सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आणण्याचे काम इंदुरास झाले. सर अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूरच्या कृषिसंस्थेत होते. होळकरांच्या त्या राजधानीत त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. ह्या दोघांच्या नावाने शेतीतील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगाविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि 'इंदूर पद्धती'चे कंपोस्ट जगभर पोहोचले. पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातील मुताने भिजलेली माती आणि थोडी राख ह्यांचे थर द्यावयाचे, ओल राखावयाची, तीनदा उलथेपालथे करावयाचे, की तीन महिन्यांत खत तयार. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यात एक बारीक गोष्ट फार मोलाची आहे. पऱ्हाटी आणि तुराटी ही लाकडासारखी कठीण असतात, ती लवकर कुजत नाहीत. त्यावर तोड काय? तर ती शेतातील गाडीवाटेवर अंथरून ठेवावयाची. येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली ती चिरडून तिचा भुगा होई आणि मग ती जनावरांखाली अंथरून मुतात भिजवून खड्ड्यात जाई. लाकडाला कुजावयाचे असेल तर ते आधी फुटले पाहिजे, भिजले पाहिजे आणि त्याला नत्राची जोड मिळाली पाहिजे. हे तीन धडे शंभर वर्षांपूर्वी इंदूरच्या गाडीवाटेवर शिकविले गेले. गच्चीवरील पिंपाला आजही तेच लागू आहेत.

ह्याच सुमारास आपल्या कृष्णाकाठी एक मोठा पालट होऊ लागला होता. पाण्याची सोय वाढली तसा ऊस वाढला. प्रथम गुऱ्हाळे होती, आणि १९५० नंतरच्या दशकांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उसाबरोबर जमिनीतून अफाट सेंद्रिय पदार्थ वर आला. पण त्यातला किती परत गेला? रस काढल्यावर उरणारी चिपाडे गुऱ्हाळाच्या चुलाणात आणि कारखान्याच्या बॉयलरात गेली. उसाचे पाचट फडातच पेटवून देण्याची चाल पडली. ती सर्वस्वी गेली आहे, असे आजही म्हणवत नाही. राब डोंगरातला, पण त्याचीच ही मळईतली आवृत्ती. त्यात भर पडली अतिरिक्त पाण्याची आणि रासायनिक खतांची. वाळवा, पलूस, मिरज ह्या बाजूच्या कित्येक उत्तम काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. ज्या मातीत ढेकूळ हातात घेताच फुटे, ती चिकट आणि निर्जीव झाली. जमिनीला पाणी मिळाले, मीठ मिळाले, पण तिचे अन्न जे कुजलेले द्रव्य, ते मिळाले नाही.

ह्या स्थितीत एका गणिताच्या शिक्षकाने शेतकऱ्यांपुढे वेगळा हिशेब मांडला. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे साताऱ्याच्या दाभोळकर कुटुंबातले; अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतील डॉक्टर नरेंद्र दाभोळकर ह्यांचे हे वडील बंधू. श्रीपादरावांचा जन्म १९२४ चा. २००१ साली ते वारले. त्यांनी 'प्रयोग परिवार' ह्या नावाने शेतकऱ्यांचे एक विलक्षण जाळे विणले. त्यात मोठी इमारत नव्हती, पदाधिकारी नव्हते. ज्याने आपल्या बागेत काही प्रयोग केला त्याने तो नीट मोजावा, टिपून ठेवावा, आणि पत्राने अगर बैठकीत दुसऱ्यास कळवावा, एवढाच नियम. तासगाव भागातील द्राक्षबागाईतदारांत हे काम विशेष रुजले. द्राक्षाची खोडे, पाने, छाटण्या ह्यांकडे शेतकरी वहीपेन्सिल घेऊन पाहू लागला, ही ह्या भागाच्या शेतीच्या इतिहासातील फार मोठी घटना आहे असे मी समजतो.

दाभोळकरांचा हिशेब सोपा होता. झाडाच्या सुक्या वजनाचा बहुतांश भाग हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश ह्यांतून येतो. मातीतून येतो तो अल्प. मग पाला आणि काटक्या म्हणजे काय? ती सूर्याने आपल्याला दिलेली ठेव आहे. ती जाळणे म्हणजे ठेवपावती चुलीत घालणे. ती कुजवून मुळांभोवती ठेवली, तर थोड्या जागेत, थोड्या पाण्यात एक कुटुंब जगू शकेल. दहा गुंठ्यांत पाच माणसांचा चरितार्थ, अशी त्यांची मांडणी होती. माती ही मिळवावयाची वस्तू नसून ती घडवावयाची वस्तू आहे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. त्यांचे विचार १९९८ साली इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांचे अनुयायी दीपक सचदे ह्यांनी मध्यप्रदेशात नर्मदाकाठी बजवाडा येथे पाला, शेण, गोमूत्र आणि थोडी माती ह्यांपासून 'अमृत माती' बनविण्याची रीत पुष्कळांना शिकविली.

आता हा विचार शेतातून गच्चीवर कसा चढला ते पाहू. मुंबईस वांद्र्याच्या डॉक्टर दोशी ह्यांनी आपल्या गच्चीवर पिंपे, पोती आणि पिशव्या ह्यांत उसाची चिपाडे भरून भाज्या व फळझाडे वाढविली. रसाच्या गाड्यांवर चिपाडे फुकट मिळत. ती हलकी, ओल धरणारी आणि लवकर कुजणारी. २००२ साली मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील ह्यांनी स्वयंपाकातील टाकाऊ भाजीपाल्यापासून माती करून तीत बाग उभी केली. तेथून 'शहरी शेती' हा शब्द घरोघर गेला. कारखान्याने जाळावयास घेतलेले चिपाड शहरवासीयाने पुरावयास घेतले, अशी ही गंमत आहे.

पण चिपाड वेगळे आणि लाकूड वेगळे. गच्चीवर लाकूड पोहोचण्यास आणखी एक गोष्ट घडावी लागली, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. मुंबईत गॅसच्या नळकांड्यांचा घरगुती वापर १९५५ च्या सुमारास सुरू झाला. आपल्या सातारा-सांगली-मिरजेच्या वाड्यांतून रॉकेलचा स्टोव्ह आणि मग गॅस यावयास आणखी काही वर्षे गेली. ज्या दिवशी शहरातील चूल विझली, त्या दिवशी परसातील आंब्याची फांदी ही संपत्ती न राहता कचरा झाली. पूर्वी तीच फांदी पडताच शेजारची म्हातारी 'घेऊ का?' म्हणून विचारीत येई. आता ती कोपऱ्यावर टाकली जाते, आणि थंडीच्या सकाळी झाडूवाला पाल्यासह तिला काडी लावतो. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी असे उघड्यावर जाळण्यास मनाई केली. तरी तो धूर अद्याप आपल्या ओळखीचा आहे. व्होएल्कर ह्यांच्या काळी लाकूड नव्हते म्हणून शेण जाळावे लागे. आज शहरात लाकडाला चूल नाही, आणि तरीही आपण ते जाळतो. पहिले दारिद्र्य होते. दुसऱ्याला काय म्हणावे ते श्रोत्यांनीच ठरवावे. मात्र ज्या घरी अजून चूल पेटते, त्या घरच्या माउलीचे जळण उचलून आपल्या पिंपात घालू नये, हेही येथेच सांगून ठेवतो.

आता प्रत्यक्ष पिंपाकडे वळू. कारण इतिहासाची परीक्षा अखेर व्यवहारात होते. दोनशे लिटरचे पिंप मधोमध कापले की शंभर लिटरच्या दोन कुंड्या होतात. अशी एक कुंडी निव्वळ मातीने भरली तर माती भिजल्यावर तिचे वजन दीडशे किलोच्या पुढे जाते. जुन्या माळवदावर काय, नव्या गच्चीवर काय, अशा दहा कुंड्या ठेवणे म्हणजे घराशी वैर करणे होय. त्याच कुंडीत खालचा अर्धा भाग कुजके लाकूड व पाला ह्यांनी भरला तर भार निम्म्याच्या आसपास येतो. तरीही कुंड्या तुळईच्या अगर भिंतीच्या वर ठेवाव्या आणि घर जुने असेल तर जाणत्यास विचारावे.

थर असे द्यावे. तळाला बोटाएवढी भोके पाडून त्यांवर खापऱ्या. त्यावर मनगटाएवढ्या जाडीची, आधीच मऊ पडलेली लाकडे. शेवगा, पांगारा, उंबर, आंबा, गिरिपुष्प ह्यांची उत्तम. सागवान आणि बाभूळ ह्यांना कुजावयास वर्षे लागतात. निलगिरीसारखे तेलकट लाकूड टाळावे, आणि रंग दिलेले अगर प्लायवूडचे तुकडे तर मुळीच घालू नयेत. लाकडे दोन दिवस पाण्यात भिजत ठेवून मगच रचावी. फटींत काटक्या, नारळाच्या शेंड्या, चिपाडे आणि सुका पाला दाबून भरावा. मोठ्या पोकळ्या राहिल्या तर मुळे हवेत लोंबतात. प्रत्येक थरावर शेणाचा काला ओतावा. त्यावर अर्धवट कुजलेले खत, आणि सर्वांत वर वीतभर चांगली माती व शेणखत. तीवर पुन्हा पाल्याचे आच्छादन.

येथे एक शास्त्रीय अडचण आहे, ती न सांगणे हे श्रोत्यांस फसविणे होईल. कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना कर्ब आणि नत्र ठरावीक प्रमाणात लागतात. सुमारे पंचवीस-तीस भाग कर्बास एक भाग नत्र. शेणात हे प्रमाण जवळपास तसेच असते. सुक्या पाल्यात कर्ब त्याच्या दुप्पट, चिपाडात चौपट-पाचपट, आणि लाकडाच्या भुशात तर दहापटीहूनही अधिक. मग ते जीव तूट कोठून भरून काढतात? शेजारच्या मातीतील नत्र उचलून. म्हणजे लाकूड आधी मातीकडून कर्ज काढते आणि काही काळाने व्याजासह फेडते. फेड होईपर्यंत वरची मिरची पिवळी पडते आणि गृहिणी म्हणते, ही विद्या खोटी. विद्या खोटी नाही. उधारीचे पहिले वर्ष आहे. त्यावर उपाय तीन. भुसा घालू नये, ढलपे आणि काटक्या घालाव्या. बारीक भुसा एकदम मोठे कर्ज मागतो, जाड लाकूड हप्त्याहप्त्याने. दुसरे, शेण, गोमूत्राचे पाणी अगर पेंड सढळ हाताने द्यावी. तिसरे, पहिल्या वर्षी वाल, घेवडा, चवळी अशी शेंगवर्गीय पिके घ्यावी, कारण ती आपला नत्र बव्हंशी हवेतून आपणच मिळवितात. वांगी, टोमॅटो, कोबी ह्या खादाड मंडळींना दुसऱ्या वर्षाचे आमंत्रण द्यावे.

कुंडी पहिल्या वर्षात खचते. कधी एक तृतीयांशही खाली बसते. ते नुकसान नव्हे, ती कूज चालू असल्याची खूण. वरून खत व पाला घालीत जावे. म्हणूनच अशा पिंपात पहिल्याच वर्षी लिंबू अगर पेरू लावू नये. झाडाचा बुंधा मातीबरोबर खाली जातो. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नये. लाकडाचे कठीण द्रव्य पचविण्याची ताकद मुख्यत्वे बुरशीतच असते. वाळवी लागते की काय, ते पाहत जावे. ओल सतत राखावी आणि कुंडी भिंतीला व दाराच्या चौकटीला टेकवू नये. हुमणीच्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून काढाव्या. पाणी इतकेच द्यावे की, मूठ दाबली असता माती गोळा व्हावी, पण पाणी गळू नये. आपल्या शेतकऱ्याने ज्याला वाफसा हा सुंदर शब्द दिला, तीच ही अवस्था, आणि कुजके लाकूड ती टिकविते. ते स्पंजासारखे पाणी पिते आणि सावकाश सोडते. जत-आटपाडीच्या बाजूस, जेथे उन्हाळ्यात हंडाभर पाणीही मोजून वापरावे लागते, तेथे लाकडाचा हा गुण खताच्या गुणाहून मोठा ठरतो.

आता कोणी विचारील, एवढा खटाटोप कशास? बाजारात पोयट्याची माती पोत्यांनी मिळते. ती आणावी आणि कुंड्या भराव्या. श्रोतेहो, माझ्या आजच्या भाषणाचा हेतू ह्याच प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. ते पोते कोठून येते? ते कोणाच्या तरी शेताच्या अगर नदीकाठच्या वरच्या थरातून येते. इंचभर सुपीक माती तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. तोच थर वीटभट्टीवाला नेतो, रोपवाटिकेवाला नेतो, आणि आपण चार पैसे देऊन तो गच्चीवर चढवितो. दोन-तीन वर्षांनी ती माती कडक झाली म्हणून आपण ती गटाराकडेला ओततो आणि नवे पोते आणतो. एका हाताने शेताची माती विकत घ्यावयाची आणि दुसऱ्या हाताने माती होऊ शकणारा पाला जाळावयाचा, हा व्यवहार कोणत्याही अंकगणितात बसत नाही. शेतकऱ्याने फडात पाचट पेटविले तर आपण वर्तमानपत्रांतून त्याला दोष देतो. आपल्या अंगणातील राबाकडे मात्र आपले लक्ष नसते.

शेतातून धान्य, ऊस, भाजी, फळे शहरात येतात. परत काही जात नाही. खेड्याची कस अशी सतत शहराकडे वाहत असते. एका घराच्या चार कुंड्यांनी हा प्रवाह उलटेल, असे मी म्हणत नाही. पण त्या चार कुंड्यांसाठी निदान शेताकडून आणखी माती मागू नये, इतके तर आपल्या हाती आहे. आणि दुसरा लाभ शिक्षणाचा. ज्या मुलाने गणपतीच्या दिवसांत पिंपात घातलेला काटक्यांचा भारा पुढल्या पाडव्यास उकरून पाहिला, फांदीची साल हाताने सुटते, तिच्याखाली गांडूळ आहे, पानांचा आकार मोडून काळा चुरा झाला आहे, आणि त्या चुऱ्याला पहिल्या पावसाचा वास येतो आहे, असे ज्याने स्वतः पाहिले, त्याला कर्बचक्राचा धडा पाठ करावा लागणार नाही. माझ्या शिक्षकी पेशातील अनुभव असा की, वर्गात दहा वेळा सांगून जे उमजत नाही, ते एकदा उकरून उमजते.

शंभर-सव्वाशे वर्षांच्या ह्या कहाणीत जावळीचा कुणबी आहे, पुण्याचे रसायनज्ञ आहेत, इंदूरची गाडीवाट आहे, तासगावचा द्राक्षबागाईतदार आहे आणि मुंबईची गच्ची आहे. प्रत्येकापुढे जिनसा त्याच तीन होत्या. ज्याला चुलीसाठी जाळणे भाग होते, त्याने जाळले. त्याला दोष नाही. आपल्याला ते भाग नाही. तेव्हा यंदाच्या छाटणीनंतर फांद्या रस्त्यावर टाकण्यापूर्वी एक पिंप घरी आणावे, वही घ्यावी, कोणत्या दिवशी काय भरले आणि ते किती खचले ते टिपून ठेवावे, आणि वर्षाने शेजाऱ्यास सांगावे. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारात दाखल होण्यास याहून अधिक वर्गणी कधीच लागत नव्हती.